जैतून कोणाची

तांडेल मोहल्ल्यात जायचं तर हल्ली मेट्रोची ग्रीन लाइन पकडावी लागते. मोहल्ला तसा रत्नागिरी जिल्ह्यातला, सावरबंदर नावाच्या खाडीकाठच्या गावातला. चौदा घरांची एक गल्ली, वरच्या टोकाला मशीद, खालच्या टोकाला धक्का. पण तिथे आता माणसं राहत नाहीत, चौदा कुलपं राहतात. माणसं कतारला, दोह्यात. दोन नंबरचं घर मदिनत खलीफात, पाच नंबरचं अल गराफात, सहा नंबरचं अल मन्सूरातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, बिर्याणीच्या हॉटेलच्या बरोब्बर वर. उरलेली कुवेत, मुंब्रा आणि कबरस्तान यांत वाटली गेलीत.

सहा नंबरचं घर म्हणजे शफीक तांडेल. वय छप्पन्न, पोट बेताचं, मिशी रंगवलेली पण कबूल न केलेली. एका कंत्राटदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. हे नेमकं काय काम असतं ते त्याच्या बायकोला, सिताराला, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी कोणाला धड सांगता येत नाही. काम सोपं आहे. पुलाचा नकाशा आला की त्याला नंबर द्यायचा. सुधारलेला नकाशा आला की जुन्यावर लाल शिक्का मारायचा, ‘सुपरसीडेड’, म्हणजे याची जागा नव्याने घेतली. पण जुना फेकायचा नाही. कधीच नाही. "फेकला की संपलं," शफीक सांगतो, "उद्या पूल पडला तर इचारणार कोणाला?" चोवीस वर्षांत त्याच्या हातून एक कागद हरवलेला नाही आणि एक पूल पडलेला नाही, आणि या दोन्ही गोष्टींचं श्रेय तो स्वतःला देतो.

घरातही हाच कारभार. मिठाच्या डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. समोरच्या फ्लॅटमधली मालविका म्हणायची, "शफीकभाई, लेकीच्या जन्मदाखल्यावर रिव्हिजन नंबर घातलाय का हो?" मालविका नाशिकची, नवरा गॅस प्लांटवर, मुलगा कॅनडात, म्हणून दिवसभर तिच्याकडे वेळच वेळ. दुसऱ्या मजल्यावर सहा फ्लॅट. कोणाच्या घरी कोणती भाजी करपली आणि कोणाचं व्हिसाचं काम कुठे अडलं, हे तिला त्या त्या घराच्या आधी कळायचं आणि दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्याला कळायचं. तिच्या पोटात काही राहत नाही, असं सगळे म्हणायचे. तीसुद्धा म्हणायची.

दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, शफीककडे फातिहा असायचा. सितारा शाळेतल्या नोकरीवरून दमून आलेली असली तरी दोन केळी आणि काहीतरी गोड ताटात ठेवायची. शफीक ऊद पेटवायचा आणि छतावरच्या, धूर दिसला की गजर देणाऱ्या यंत्राला आधी प्लास्टिकची पिशवी बांधायचा. एकदा पिशवी विसरला होता, तेव्हा सगळी बिल्डिंग रस्त्यावर उतरली होती, मालविका केसांना मेंदी लावलेली तशीच. मग त्याची आई ताहेरुन्निसा डोक्यावर ओढणी घेऊन घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची. वय एकोणऐंशी, दात चार, पण नावं अकराच्या अकरा मुखोद्गत. दावूद, म्हणजे तिचा नवरा. हसन, सासरा. हसनचे आईबाप, इस्माईल आणि आमिना. अशी वर वर चढत जाणारी नावं, आणि सगळ्यात शेवटी, थोडं थांबून, "जैतून."

ही जैतून कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पाठ करून घेतलं," ताहेरुन्निसा सांगायची. "मी इचारलं, ही कोण? सासू बोलली, माझ्या सासूनं सांगितलंय, नाव चुकवायचं नाय. आणि कोण ते इचारायचं नाय."

साठ वर्षं तिने विचारलं नाही. पण गेल्या ऑक्टोबरात एका जुमेरातीला, केळ्याची साल काढता काढता ती म्हणाली, "शफीक, मी आता जायची."

"मा, केळं खा."

"खाते. पण ऐक. वर सगळी भेटतील. सासूला सासू बोलेन, आमिनाला दादी बोलेन. ही जैतून समोर आली तर मी हिला काय म्हणून हाक मारू? साठ वर्षं नाव घेतलं आणि नातं ठाऊक नाय. काय तोंड दाखवू?"

"कशाला जायच्या गोष्टी करतेस?"

"अरे, व्हिसा संपला की जायचं असतंच की. तू काय इथला शेख हायस?"

सोळा वर्षांची लेक जिक्रा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "दादी, दॅट्स सो क्रीपी," आणि पुन्हा मोबाइलात गेली. शफीक हसला, पण त्याच्या हसण्यात दम नव्हता. कारण आईचं डोकं अलीकडे सावरबंदरच्या लाइटसारखं झालं होतं, कधी येणार कधी जाणार भरवसा नाही. डॉक्टरने फाइलवर मोठं नाव लिहून दिलं होतं आणि तोंडाने एवढंच सांगितलं होतं की आहे तोवर बोलून घ्या. आज अकरा नावं आहेत, उद्या किती राहतील सांगता येत नाही. म्हणजे शोधायचं तर हे दिवे लागलेत तोवरच.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. सगळे कामावर गेलेले असताना ताहेरुन्निसा दार उघडून बाहेर पडली, चपला न घालता, आणि भर अकराच्या उन्हात मन्सूरा स्टेशनात जाऊन तिथल्या केनियन गार्डला विचारू लागली, "पलीकडची होडी कवा सुटते?" बिचाऱ्याने तिला बसवलं, पाणी दिलं, ओढणीच्या गाठीत सिताराने बांधलेला नंबर सापडला म्हणून बरं. दुसऱ्या दिवसापासून शफीक सकाळी निघताना दाराला बाहेरून किल्ली लावू लागला. सितारा आणि जिक्रा साडेसहाला शाळेत, तो सातला ड्यूटीवर. सितारा अडीचला परत. साडेसात तासांचा तर प्रश्न. उशाशी पाणी, टोपात पेज, केळी, गॅस बंद. सितारा म्हणाली, "बरं नाय वाटत." तो म्हणाला, "तिच्या भल्यासाठीच ना?" सिताराने पाण्याशेजारी सासूचा स्टीलचा ग्लास ठेवला.

तर शोध. इतर कोणी असता तर गावी फोन करून मोकळा झाला असता. शफीकने एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यात मोहल्ल्याची चौदा घरं, आडव्या रकान्यांत ‘राणी विक्टोरियाच्या वेळचे रहिवासी’, ‘आधार’ आणि ‘शेरा’. जैतून हसनच्या आधीची, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीची, हा हिशोब त्याने पहिल्याच दिवशी मांडला. मग ‘तांडेल मोहल्ला दोहा’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे सकाळी गुलाबाची फुलं आणि संध्याकाळी सांधेदुखीचे उपाय याखेरीज काही येत नसे, त्याने विचारलं: आपापल्या घरात परदादाच्या काळी कोण कोण राहत होतं, कृपया कळवावे. डेडलाइनसुद्धा दिली.

दोन शुक्रवार त्याने गल्ली पालथी घातली, म्हणजे गाडीने. धक्क्याकडून मशिदीकडे जायला पूर्वी चार मिनिटं लागायची, आता चाळीस लागतात आणि वाटेत सात सिग्नल. जहाजावरचा सारंग कोण, होडी कोणाची, सुंता करणारा कोण, रंगूनला गेला तो परत आला की नाही, सगळं लिहून घेतलं. गंमत वाटत होती त्याला. चौदा कुलपांमागे माणसं हलू लागली होती.

दोन नंबरच्या जियादच्या पूर्वजांकडे मशिदीचं काम असायचं. मदिनत खलीफातल्या त्याच्या घरी मटण जेवून झाल्यावर शफीकने सहज विचारलं, "जैतून नावाची कोणी ठाऊक आहे?"

"जैतून? असं काय, आमचीच ती," जियाद म्हणाला. "दर जुमेरातीला नाव घेतो. बाळंतपणात गेली."

"तुमची? आमच्या फातिह्यात आहे ती."

"तुमच्यात कशी जाईल? आमच्या परदादांची बहीण होती!"

शफीक उठला तो थेट अल गराफात, एका व्हिलाच्या मागच्या भागात राहणाऱ्या सुफियानचाचांकडे. पाच नंबरचं घर, शफीकच्या घराला लागून. चाचा त्र्याऐंशी वर्षांचे, मोहल्ल्यातले सगळ्यात जुने. त्यांनी कपातल्या चहाकडे बघत सांगितलं, "जैतून आमची रे. विहिरीत पडली." कुवेतच्या नऊ नंबरवाल्यांना फोन केला, तर तिला साप चावलेला. मुंब्र्याला विचारलं, तर ती हजला जाताना जहाजावर गेलेली.

मग ग्रुपवर जी जुंपली, विचारू नका. गुलाबं बंद झाली. जियादने ‘आमची जैतून’ असं ठळक अक्षरांत लिहिलं, नऊ नंबरवाल्यांनी सापाची जात सांगितली, एकाने रागाने ग्रुप सोडला, त्याला बायकोने परत घेतलं. एका बाईसाठी तीन देशांत भांडण. आणि ज्या गल्लीत भिंतीवरून पडलेल्या एका नारळासाठी दोन पिढ्या अबोला धरलेला, ती गल्ली सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला आपली म्हणायला एवढी का उतावीळ झाली, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. शफीकच्या तर नाहीच. त्याच्या लेखी गोष्ट साफ होती. अस्सल प्रत एकच असते, बाकी सगळ्या नकला. अस्सल कोणती ते सिद्ध करायचं आणि बाकीच्यांवर लाल शिक्का.

सितारा मात्र पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एका बाईचं नाव एवढ्या घरांत? एवढी चांगली होती, का तिचं एवढं वाईट झालं होतं?"

"तुला नाय कळायचं त्यातलं," शफीक म्हणाला.

शेवटी जियादनेच घात केला, स्वतःचा. जिंकायच्या नादात त्याने घरातल्या जुन्या वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. पूर्वी मशिदीत मय्यतींची नोंद ठेवत, त्यातलं पान. उर्दू लिपी, भाषा आपली कोकणी. जियादला त्यातलं ‘जैतून’ एवढंच वाचता आलं होतं. शफीकने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो फोटो मोठा केला, चष्मा पुसला आणि टेबलावर थाप मारली. स्वच्छ लिहिलं होतं, घर सहा. इस्माईलची घरवाली जैतून.

त्याने लगोलग ग्रुपवर टाकलं: ‘घर क्रमांक सहा! पुरावा सोबत. विषय खलास.’ पुढे हसरा चेहरा.

मग डबा उघडला, पहिला घास घेतला आणि राहिलेल्या दोन ओळी वाचल्या.

‘कुलूप काढल्यावर मिळाली. गुस्ल देता आला नाही. जनाजाला चौघे. मोहल्ल्यातून दुसरे कोणी आले नाही.’

गुस्ल म्हणजे मय्यतीची शेवटची आंघोळ, तीसुद्धा नाही. त्याने डबा बंद केला. मोबाइल वाजेल म्हणून त्याने वाट पाहिली. ग्रुपवर सत्तावीस माणसं, निळ्या खुणा सत्तावीसच्या सत्तावीस, आणि उत्तर एकाचंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडायलासुद्धा कोणी आलं नाही. संध्याकाळी सुफियानचाचांचा फोन आला. "शफ्या, शुक्रवारी ये. एकटा ये."

त्या शुक्रवारी सितारा जिक्राला घेऊन एका बाळाच्या अकीक्याला, म्हणजे जावळ-बारशाला, गेली होती. शफीक जुम्म्याची नमाज पढून आला, आईला जेवायला घातलं, पाणी ठेवलं, "मा, तासाभरात येतो," म्हणून किल्ली फिरवली आणि निघाला.

चाचांनी सुनेला चहा आणायला सांगितला आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"विहीर खोटी," ते म्हणाले.

"कळलं, चाचा."

"माझी दादी तेव्हा नऊ वर्षांची. तुमचं घर, आमचं घर, मधे भिंत एकच. तिनं मरताना मला सांगितलं. मी आजवर कोणाला बोललो नाय."

मग ते बोलत गेले, शफीक ऐकत गेला, आणि दोघांचेही चहा साय धरून बसले.

प्लेगचं साल. गल्लीत उंदीर पडू लागले. सरकारचा हुकूम आला, मोहल्ला रिकामा करा, खाडीपलीकडच्या माळावर झोपड्यांत राहा. घराघरांत तपासणी. ताप आलेला माणूस दिसला की उचलून छावणीत, आणि छावणीतून परत आलेलं कोणी कोणाला ठाऊक नव्हतं. इस्माईलच्या घराची पाळी पहिली लागली, आणि नेमका आदल्या दिवशी जैतूनला ताप भरला. काखेत गाठ.

"इस्माईलनं इचार केला, लपवू या. आतल्या खोलीत निजवली. पाण्याचा हंडा ठेवला, पेज ठेवली, आणि बाहेरून कुलूप घातलं. कुलूप बघून तपासणीवाले समजणार, घर रिकामं. होडीनं येऊन-जाऊन बघीन, असं बोलला. तिच्या भल्यासाठीच केलं रे त्यानं."

शफीकने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तपासणीवाले आले, कुलूप बघितलं, दारावर गेरूची खूण केली, गेले पुढे. पण त्याच दिवशी पलीकडून इकडे परतायची होडी बंद झाली. दोन्ही काठांवर पहारा. इस्माईल पलीकडे, दीड वर्षाचं पोर कडेवर. आणि बाकीची गल्ली अजून इकडेच. आमची निघायची पाळी तीन दिवसांनी होती."

"म्हणजे गल्लीत माणसं होती?"

"होती."

"ऐकू येत होतं?"

चाचांनी चहावरची साय बोटाने बाजूला सारली. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी हाका मारल्या. नावं घेऊन. आमच्या घरातल्यांची, पलीकडच्यांची, एकेकाचं नाव. मग आवाज बसला असेल. मग तांब्या घेऊन दारावर आपटायला लागली."

"कुलूप कोणी काढलं नाही?"

"काढलं असतं तर तापकरी मिळाली असती. इस्माईलला धरला असता, आणि सगळ्या गल्लीला छावणी. प्रत्येक जण बोलला, दुसऱ्याच्या घरातलं हाय, आपण कशाला? दादीच्या बापानं दादीचे कान हातांनी दाबून धरले होते. तिसऱ्या दिवशी सगळी निघाली. दादी बोलली, आम्ही निघालो तेव्हा तांब्या वाजत होता."

बाहेर चाचांच्या नातवंडांचा फुटबॉल भिंतीवर आपटत होता.

"इस्माईलला अकराव्या दिवशी इकडे यायला सोडला. मोहल्ला परत वसला तेव्हा चौदा घरांनी मशिदीत बसून ठरवलं. दर जुमेरातीला हिचं नाव आपापल्या घरात घ्यायचं, शेवटपर्यंत घ्यायचं. का ते पोरांना सांगायचं नाय. पोरांनी इचारलं तर काहीतरी सांगा. विहीर, साप, बाळंतपण. इस्माईलनं दुसरं लग्न केलं, आमिनाशी. आमिनानं ते दीड वर्षाचं पोर पोटच्यासारखं वाढवलं."

"हसनदादा."

"हां. जैतूनचा पोरगा. तू तिचाच हायस, शफ्या. तू जिंकलास."

शफीक उठला. चाचांचे हात हातात घेतले की नाही, सलाम केला की नाही, त्याला पुढे आठवेना. गाडीत बसल्यावर त्याला तांब्या दिसत नव्हता, स्टीलचा ग्लास दिसत होता. आईचा ग्लास. त्याची कड चेपलेली. महिन्याभरापूर्वी सितारा म्हणाली होती, "कशानं चेपला?" आणि तो म्हणाला होता, "पडला असेल." वाटेत वेग मोजणाऱ्या रडारने त्याचा फोटो काढला. चोवीस वर्षांत पहिला.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट उघडली तेव्हा आवाज येत होता. टक, टक, टक. थांबून पुन्हा टक. मालविका त्याच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती आणि दाराला सांगत होती, "मी आहे हो मावशी. इथेच आहे."

त्याला बघून ती उठली.

"हे रोज?" शफीकने विचारलं.

"नऊ ते अकरा. ऑक्टोबरपासून. मी बोलत बसते थोडा वेळ. मग थांबतात."

"ताई, तुम्ही मला सांगितलं नाही. तुम्ही?"

"काय सांगू, शफीकभाई?" तिचे डोळे भरले. "तुमच्या घरातली गोष्ट. तुम्हाला वाईट वाटेल. वाटलं, बोभाटा झाला, कोणी तक्रार केली, तर तुमची नोकरी, व्हिसा... आणि मी एकटी नाही. सगळ्यांनाच ऐकू येतं."

शफीकने कॉरिडॉरभर पाहिलं. उरलेले चार दरवाजे बंद होते. एकामागे टीव्ही चालू होता.

त्याने किल्ली फिरवली. ताहेरुन्निसा दाराच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, हातात ग्लास. दाराच्या आतल्या बाजूला, बसल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, रंग उडून वाटीएवढा खड्डा पडला होता. तो खड्डा शफीकने रोज बघितला होता. भाड्याच्या घराचं दार, असंच असायचं, म्हणून सोडून दिला होता. मिठाच्या डब्यावर तारीख घालणारा माणूस.

तो तिच्या पायाशी बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी लाइट होता.

"मिळाली?"

"मिळाली, मा."

"कोण?"

"दादी. इस्माईलची पहिली घरवाली. हसनदादांची सख्खी आई. म्हणजे तुझी आजेसासू."

"अगो बाय माझे," ताहेरुन्निसा म्हणाली, आणि तिच्या तोंडावर समाधान पसरलं. "म्हणजे घरातलीच. दादी बोलेन मग. सोपं हाय." तिने ग्लास मांडीवर ठेवला. "गेली कशी?"

तीन-चार उत्तरं तयार होती. बाळंतपण होतं, विहीर होती, साप होता, हजचं जहाज होतं, आणि हज तर चांगलंच होतं. सव्वाशे वर्षं चौदा घरांनी तीच तर वापरली होती. दाराशी मालविका उभी होती. शफीकने आईच्या मांडीवरच्या ग्लासाकडे पाहिलं.

"कुलपात, मा. ताप होता. घरच्यांनी बाहेरून कुलूप घातलं होतं. तिनं तांब्या वाजवला, कोणी उघडलं नाही."

ताहेरुन्निसाने दाराकडे पाहिलं. मग तिने ग्लास उचलून त्याची चेपलेली कड अंगठ्याने चाचपली.

"हां," ती म्हणाली. "मग वळखेल ती मला."

त्या दिवसानंतर त्या दाराची किल्ली बाहेरून फिरली नाही. शफीकने एक्सेलच्या नव्या पानावर वेळापत्रक केलं, त्याला दुसरं काही येत नाही. सात ते दहा मालविका, दहा ते बारा शेवटच्या फ्लॅटमधली केरळची बाई, बारानंतर सितारा, तिने शाळेतून निम्मे तास मागून घेतले आणि पुढच्या वर्षी तिला ठेवतील की नाही हे तिला कोणी सांगितलं नाही. टीव्हीवाल्या घराने आठवड्यातला एक दिवस घेतला. खाली नातूर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, त्याला सांगून ठेवलं की मा उतरली तर तिला होडी उद्या आहे असं सांगायचं. तो पेशावरचा. ‘होडी’ हा एकच मराठी शब्द शिकला आणि चांगला वापरायचा.

पण लाइट परत फारसा आला नाही. नावं गळत गेली, नवं नाव आधी, जुनं मागून. दावूद गेला, हसन गेला. डिसेंबरच्या शेवटच्या जुमेरातीला तिने ताटासमोर बसून एकच नाव घेतलं, शेवटचं, आणि मग सिताराला विचारलं, "तुम्ही कोण?"

जानेवारीतल्या एका मंगळवारी, पावणेदहाला, ती गेली. शफीक ड्यूटीवर होता. डोळे मालविकाने मिटले. ती काय बोलली शेवटी, असं सगळ्यांनी विचारलं, आणि जिच्या पोटात काही राहत नाही त्या बाईने कोणालाच धड सांगितलं नाही. शफीकला फक्त म्हणाली, "दार उघडं आहे का, विचारलं. मी म्हटलं, सताड उघडं आहे मावशी. मग बरं म्हणाल्या." जनाजाला मोहल्ल्यातली सगळी होती. जियाद, नऊ नंबरवाल्यांचा पुतण्या कुवेतहून, चाकाच्या खुर्चीतून सुफियानचाचा. कोणी यायचं राहिलं नाही. शफीकने मोजले. कबर दोह्यातच, सावरबंदरपासून समुद्राइतकी दूर.

शबे-बरातीला, मेलेल्यांची आठवण काढायच्या त्या दिवशी, नावं घ्यायचं काम शफीककडे आलं. बारा नावं झाली. त्याआधी दुपारी चाचांचा फोन आला.

"शफ्या, आता तुमची ती तुमच्या घरी लागली. आम्ही नाव घेणं बंद करावं का?"

"नको, चाचा," शफीक म्हणाला. "ऐकलं तुमच्याही घरानं होतं."

"खरं हाय," चाचा म्हणाले, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पिशवी बांधली, ऊद लावला, नावं घेतली, जैतून शेवटी. मग शफीकने लॅपटॉप उघडला. रकाना ‘शेरा’. आधीच्या विहिरी, साप, बाळंतपणं त्याने पुसली नाहीत, त्यांच्यापुढे ‘सुपरसीडेड’ लिहिलं. घर सहापुढे नवी ओळ घातली: जैतून. इस्माईलची बायको, हसनची आई. कुलूप बाहेरून, नवऱ्याने. शेजाऱ्यांना ठाऊक. आधार: मशिदीची वही, सुफियानचाचा.

आणि चौदा घरांच्या खाली, गल्ली संपते तिथे, त्याने पंधरावी ओळ उघडली. मन्सूरा, दुसरा मजला. ताहेरुन्निसा, दावूदची बायको, शफीकची आई. कुलूप बाहेरून, मुलाने, ऑक्टोबर ते डिसेंबर. शेजाऱ्यांना ठाऊक. आधार: दार.

जिक्रा मागे येऊन उभी राहिली होती. तिने सगळं वाचलं, आणि त्या पोरीने, जी मराठीला इंग्रजीतच उत्तर द्यायची, हळूच विचारलं, "अब्बा, हे कशाला लिहिता?"

"पुढे कोणी शोधायला बसलं," शफीक म्हणाला, "तर त्याला अख्ख्या दोह्याच्या बेला वाजवत फिरायला नको."

त्याने फाइल सेव्ह केली, मग उठून खुर्चीवर चढला आणि यंत्राची पिशवी सोडली.